बांबूच्या काठीवर चिलापी: हिप्परगा, कुगाव, औज

शुक्रवार, सोलापूर

सोलापूर जिल्ह्यात पाणी तिथं चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. उजनीत आहे, हिप्परग्यात आहे, भीमेच्या बंधाऱ्यांत आहे, खडी काढून सोडून दिलेल्या खाणीत साठलेल्या पाण्यातसुद्धा आहे. तरी गळाचा नाद असलेली मंडळी तिला मोजत नाहीत. मरळ, वाम, शिंगाडा, मोठा कटला हे मिरवायचे मासे. चिलापी लागली की ‘चिलापीच आहे’ म्हणून बाजूला टाकायची. याचं कारण माशात नाही, साहित्यात आहे. कटल्यासाठी बांधलेल्या जाड तंगुसावर (गळाच्या नायलॉन दोऱ्यावर) आणि मोठ्या गळावर चिलापी येते ती चुकून, आणि आली तरी ओढ कळत नाही. हलकी काठी, बारीक गळ आणि नेमकी खोली साधली, की पावशेराची चिलापीसुद्धा मनगटाला जाणवते. फेब्रुवारी संपता संपता केलेल्या या फेरीत फक्त तिच्याच मागे जायचं ठरवलं होतं.

साहित्य शुक्रवारीच जमवून ठेवावं. काठी बांबूची, भरीव, दहा ते बारा फूट. शेंड्याकडची तीन फूट बोटाएवढी बारीक आणि लवचिक हवी. पेरं जवळजवळ असलेली काठी निवडायची; लांब पेरांची काठी पोकळ निघते आणि सांध्याजवळ चिरते. काठी हिरवी असेल तर सावलीत आडवी ठेवून वाळवावी, भिंतीला टेकवून ठेवली की वाक येतो तो कायमचा.

तंगूस 0.20 ते 0.25 मिलिमीटर. लांबी काठीएवढी किंवा वीतभर कमी. जास्त सोडला तर मासा हाताशी येत नाही आणि वाऱ्यात तंगूस काठीला गुंडाळतो. गळ 8 ते 10 नंबरचा, बारीक तारेचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवावं. चिलापीचं तोंड अंगाच्या मानानं लहान आहे. मोठा गळ ती तोंडात घेत नाही, आमिष कडेनं कुरतडून नेते, आणि आपण समजतो की आज मासा खात नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकला तर गळ सुटायला सोपा जातो. ताण ढिला पडू दिला नाही तर मासा सुटत नाही.

फ्लोट मोरपिसाच्या काडीचा सर्वांत चांगला: बारीक, हलका, आणि सरळ उभा राहतो. तो नसेल तर या दिवसांत ज्वारी काढणीला आलेली असते. वाळल्या ताटाची साल सोलून आतला गाभा चार बोटं कापून घ्यावा. गाभा तासा-दीड तासात पाणी पितो आणि फ्लोट बुडायला लागतो, त्यामुळे तीन-चार तुकडे खिशात ठेवायचे किंवा मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणात एकदा बुडवून काढायचे. शिशाच्या बारीक गोळ्या इतक्याच लावायच्या की फ्लोटचं फक्त टोक पाण्यावर राहावं. शेवटची गोळी गळापासून एक वीत वर. चिलापी आमिष चोखून पाहते. फ्लोट जड आणि अर्धा वर तरंगणारा असेल तर तिला ओझं लागतं आणि ती सोडून देते.

आमिषाचं पीठ. नुसत्या ज्वारीच्या पिठाचा गोळा पाण्यात पडल्याबरोबर विरघळतो, कारण ज्वारीत चिकटपणा नाही. म्हणून त्याची उकड काढायची: एक वाटी पाणी उकळून त्यात चिमूटभर मीठ आणि एक वाटी ज्वारीचं पीठ, झाकण ठेवून दोन वाफा. कोमट असताना अर्धी वाटी कणीक आणि दोन चमचे भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड घालून मळायचं. पाण्याचा हात लावत पाच-सात मिनिटं मळलं की गोळा बोटाला न चिकटता ताणला जातो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. उन्हात उघडं राहिलं तर वरून पापुद्रा येतो आणि तो गळावर टिकत नाही. शिवाय मूठभर गांडुळं ओल्या मातीसकट पत्र्याच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून.

शनिवार, हिप्परगा

तुळजापूर रस्त्यावरचा हा तलाव म्हणजे एकरुख, आदिला नदी अडवून केलेला, 1871 सालचा. काठ उथळ, तळ चिखलाचा, मध्ये मध्ये मुरूम आणि दगड. अशा तलावांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. काठी घेऊन बसण्याआधी काठावरच्या जाळेवाल्यांना विचारावं. माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, आणि कुठं जाळी लावली आहेत हेही सांगतात. जाळ्यात गळ अडकला तर दोघांचंही नुकसान.

मरळवाले अंधारात येऊन बसतात. चिलापीसाठी त्याची गरज नाही. हिरवट, शेवाळी पाण्यात रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. उजाडताना मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मासे दिसतायत म्हणून लोक गळ टाकतात, पण ते खायला वर आलेले नसतात. शिवाय फेब्रुवारीत रात्रीचं पाणी गार. 20 अंशांच्या खाली चिलापीचं खाणं मंदावतं. उन्हं पाण्यावर पडून तास-दीड तास झाला, की उथळ भाग तापतो आणि मासा काठाकडे सरकतो. शनिवारी साडेआठपर्यंत फ्लोट नुसता उभा होता. नऊनंतर हालचाल सुरू झाली आणि अकरापर्यंत थांबली नाही.

जागा शोधायची ती डोळ्यांनी. गुडघा ते मांडीभर पाण्यात तळाला ताटाएवढे गोल, स्वच्छ खळगे दिसतात, आजूबाजूच्या गाळापेक्षा फिकट. हे नराचं घर. नर तोंडानं गाळ उचलून बाहेर टाकतो आणि खळगा राखतो. मादी तिथं अंडी घालून ती तोंडात घेते, आणि पिलं पोहती होईपर्यंत साधारण दोन आठवडे तोंडातच सांभाळते. त्या काळात ती जवळपास खात नाही. म्हणून विणीच्या दिवसांत गळाला येतात ते बहुतेक नर. मोझांबिक चिलापीचा नर या दिवसांत काळा पडतो, गळा पांढरा, पंखांची किनार तांबडी. खळग्यात पडलेलं गांडूळ तो भूक म्हणून नाही, तर घर साफ करायचं म्हणून उचलतो. फ्लोट अशा वेळी खाली जात नाही. बाजूला दोन हात सरकतो आणि थांबतो. सरकताना ओढायचं. थांबला की त्यानं टाकून दिलेलं असतं.

पाणी गढूळ असेल आणि खळगे दिसत नसतील तर खोली मोजायची. गळाला एक जड शिसं अडकवून सोडावं, फ्लोट बुडाला तर तो तंगुसावर वर सरकवावा, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम पाण्यावर आलं की ती खोली. मग शिसं काढून फ्लोट दोन बोटं खाली घ्यायचा, म्हणजे आमिष तळाच्या किंचित वर राहतं. हे दोन मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात, आणि दिवसभर आमिष गाळात रुतवून बसतात.

हिप्परग्याची अडचण एकच: बारकी पोर. चिलापी दाटीनं वाढली की लवकर विणीला येते आणि लहानच राहते. लहान तळ्यांत तर बोटभर लांबीलाच नर-मादी तयार होतात. फ्लोट सतत थरथरतो, पण ओढलं की गळ रिकामा. अशा वेळी गळ आणखी लहान करण्यापेक्षा पीठ बंद करून गांडुळाचा जाड तुकडा लावावा, आणि दहा-पंधरा पावलं खोल पाण्याकडे सरकावं. पोर काठ सोडत नाही.

रविवार, कुगाव

मोहोळ, टेंभुर्णी, तिथून करमाळा रस्त्यानं कंदर, जेऊर आणि मग उजनीच्या काठचं कुगाव. कंदरच्या आसपास दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस. हे सगळं उजनीच्या पाण्यावर. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा 117 टीएमसीच्या घरात, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणजे ‘शून्य’ टक्क्यांच्या खाली धरला जाणारा. हे आकडे गळवाल्याच्या कामाचे आहेत. वर्तमानपत्रात उजनी ‘वजा’मध्ये गेली असं छापून येतं तेव्हाही धरणात साठाहून अधिक टीएमसी पाणी असू शकतं, मासा कुठं जात नाही, काठ मात्र दूर जातो. गेल्या महिन्यात जिथं बसलो ती जागा या महिन्यात अर्धा किलोमीटर कोरड्यात, असं इथं दरवर्षी होतं.

मागे सरलेल्या पाण्यानं उघडी पडलेली काळी माती फसवते. वरून भेगा पडून वाळलेली दिसते, आत गुडघाभर गाळ. चालायचं ते मुरमाच्या पट्ट्यावरून, जुन्या बांधावरून किंवा जिथं गुरांच्या पायवाटा उमटल्यात तिथून. काठीनं पुढची जागा टोचून बघावी. बुडालेल्या गावांच्या विहिरी पाण्याखाली तशाच आहेत, त्यामुळे मांडीभर पाण्यात उतरून गळ टाकायचा मोह इथं टाळावा. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. त्या पिकातून जायचं तर विचारून, बांधानं.

आणखी एक गोष्ट, जी दुसऱ्या तलावांवर फारशी आड येत नाही. उजनीच्या काठावर उपसा मोटारींची रांग असते आणि त्यांच्या केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या असतात. कुठं जोड उघडा असेल सांगता येत नाही. ओली काठी, ओला हात आणि पाण्यातली केबल यांची गाठ पडू देऊ नये. मोटारीपासून निदान पन्नास पावलं लांब बसावं.

सकाळी वारा पडलेला होता, पाणी काचेसारखं. तेव्हा बुडालेल्या दगडी तालीच्या (शेताच्या बांधाच्या) कडेला, चार फूट पाण्यात, पिठावर मासा मिळाला. तालीच्या दगडांवर शेवाळ असतं आणि चिलापी ते खरवडून खाते. तिचं पोट त्यासाठीच बनलेलं: जठरातलं आम्ल इतकं तीव्र की नीलहरित शेवाळाच्या पेशीही फुटतात, आणि आतडं अंगाच्या कित्येक पट लांब. हिरव्या आहारावरचा हा मासा पीठ का खातो आणि जिवंत बारक्या माशाच्या आमिषाकडे सहसा का बघत नाही, हे यावरून कळतं.

पीठ तुरीच्या दाण्याएवढं, गळाचं टोक किंचित बाहेर. पूर्ण झाकलं तर टोक तोंडात लागत नाही. आधी थोडा चारा टाकून जागा धरायची: दोन मुठी भिजवलेली पेंड, दोन मुठी मक्याचा भरडा, काठावरचीच थोडी माती, म्हणजे गोळा तळाला जाऊन फुटतो. लिंबाएवढे चार गोळे एकाच जागी, नंतर अर्ध्या तासानं एकेक. एकदम सगळा चारा ओतला की मासा पोट भरून घेतो आणि गळाकडे येत नाही.

पिठावर चिलापीचा ठोका वेगळा. फ्लोट दोन-तीनदा टुकटुक करतो, जागीच. इथं नवखा माणूस ओढतो आणि पीठ उडवतो. टुकटुक झाल्यावर फ्लोट तिरका होऊन एका बाजूला सावकाश चालायला लागतो, कधी उलटा वर उठून आडवा पडतो, कारण मासा आमिष घेऊन वर आलेला असतो. तेव्हा मनगटानं, वीतभर, वर. दोन्ही हातांनी झटका दिला तर पातळ ओठ फाटतो. गळ बसला की चिलापी अंग आडवं करून पाण्याचा जोर घेते आणि तळाकडे गोल फिरते. काठीचा शेंडा वाकू द्यावा, दगडांपासून बाजूला न्यावं, आणि थकली की पाण्यावरून सरकवत आणावी. उचलून हवेत झुलवली की हमखास पडते.

हाताळताना पाठीवरचे काटे. पंधरा-सोळा टोकदार काटे उभे असतात आणि तळहातात गेले की दिवसभर ठणकतं. हात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत काटे मिटवायचे, मग पकड घट्ट करायची. शेपटीच्या पंखावर उभ्या बारीक पट्ट्या दिसल्या तर ती नाईल चिलापी, नसतील तर बहुधा मोझांबिक. मोझांबिक चिलापी 1952 मध्ये श्रीलंकेतून भारतात आणली गेली; मूळ आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांची. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा यावा म्हणून तिला तळ्यांत वाढवलं गेलं, आणि ती स्थानिक माशांना जागा ठेवीनाशी झाली. त्यामुळे लागलेली चिलापी परत सोडू नये, आणि जिवंत नेऊन गावातल्या विहिरीत, शेततळ्यात तर मुळीच टाकू नये. खाण्याएवढी असेल ती खावी. बारकी असेल तीही काठावर न फेकता सोबत न्यावी, कोंबड्या खातात. हाच नियम सकर माशाला, तोही बाहेरचाच, जो उजनीत आता जाळ्यांत येऊ लागला आहे. उलट शिंगटी, खरपा, खवली हे आपले मासे लहान असतील तर हलक्या हातानं परत सोडावेत. शिंगटीच्या छातीजवळचा काटा चिलापीपेक्षा वाईट; गळ पक्कडीनंच काढावा.

दुपारी एकनंतर वारा सुटला. इथं बरेच जण गुंडाळून निघतात, आणि तिथंच चुकतं. वारा ज्या काठावर आदळतो तिथं वरचं कोमट पाणी आणि त्यातलं तरंगतं खाद्य ढकललं जातं, मासाही मागोमाग येतो. आडोशाचा काठ सोडून वाऱ्याच्या काठावर जायचं, फ्लोटवर एक गोळी वाढवायची, तंगूस एक फूट आखूड करायचा. लाटांत फ्लोट नाचतो, त्यामुळे टुकटुक दिसत नाही. फ्लोट दोन लाटा सलग दिसला नाही की ओढायचं. मोठे मासे यात जास्त मिळतात, कारण बारकी पोर लाटांत थांबत नाही.

वाऱ्यात होडीत मात्र बसू नये. 2024 च्या मे महिन्यात याच कुगाव-कळाशी पाण्यात वादळी वाऱ्यानं बोट उलटून सहा जणांचे जीव गेले. उजनीचा फुगवटा इतका रुंद आहे की लाट उठायला वेळ लागत नाही. चिलापीसाठी होडीची गरजही नाही, ती काठाची आहे.

पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर दिसला तर ती खाडी सोडून द्यावी. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून इथं येतं आणि त्यावर शेवाळ माजतं. अशा जागचा मासा चिखलट लागतो, आणि खाण्यासाठी घेऊही नये.

मासा काढल्याबरोबर डोक्यात ठोका देऊन मारावा, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावं आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फात घालावा, माशाच्या वजनाएवढा बर्फ. टेंभुर्णीत बर्फ मिळतो. पिशवीत पाणी घालून मासे ‘जिवंत’ नेण्याचा प्रकार सोलापूरच्या उन्हात चालत नाही. पाणी तापतं, मासा तडफडून मरतो आणि मांस मऊ पडतं.

सोमवार, औज

सोमवार थोडक्यात. औजचा बंधारा सोलापूरच्या दक्षिणेला, भीमेवर, पलीकडे कर्नाटक. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून सोडलेलं पाणी इथं अडवतात. बर्ग्यांमधून, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांमधून, पाण्याच्या धारा उडतात आणि त्याखाली मासा जमतो, पण तो बहुतेक वाहत्या पाण्याचा. चिलापीला धार सोसत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, काठाशी, जिथं वाकलेल्या झाडांची सावली संथ पाण्यावर पडते, तिथं गांडुळावर ती मिळते. फ्लोट पाण्याबरोबर हळू वाहू द्यायचा आणि दहा फुटांवर परत आणायचा. बंधाऱ्याच्या खाली उतरायचं असेल तर पाणी सोडणार आहेत का हे गावात विचारूनच. पाणी वाढायला लागलं की खडकावरून परत यायला वाट राहत नाही. उन्हामुळं अकरानंतर बसण्यात अर्थ नव्हता.

उरतं ते स्वयंपाकघर, आणि चिलापीची बदनामी खरी तिथंच होते. चिखलाचा वास शेवाळातल्या आणि गाळातल्या सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या द्रव्याचा. तो आंबटानं उतरतो. खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडावेत, पाठीचा आणि पोटाचा पंख मुळासकट ओढून काढावा, पोट फोडून आतडं न फुटू देता बाहेर घ्यावं. पोटाच्या आतून एक काळं पातळ पडद्यासारखं असतं. ते बोटानं, मीठ लावून, पूर्ण चोळून काढायचं. ते राहिलं की कालवण कडवट होतं आणि दोष माशाला जातो. कल्लेही काढावेत.

मग दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा, मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ लावून वीस मिनिटं. ते पाणी टाकून द्यायचं, पुन्हा धुवायचं. एक किलो माशाला दोन चमचे काळं तिखट, एक चमचा आलं-लसूण, मीठ, लिंबू. वरून ज्वारीचं पीठ आणि रवा निम्मे निम्मे. लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर एका बाजूला पाच मिनिटं, न हलवता. लवकर उलटला तर कातडं तव्याला धरतं. बोटभर लांबीच्या चिलापीचं कालवण करू नये, काटे सुटून रश्श्यात येतात; ती कडक तळून भाकरीबरोबर खावी. मोठ्या माशात बारीक काटे नाहीत, मधला काटा धरला की मांस दोन्ही बाजूंनी सुटतं, आणि रोहूला घाबरणारी लहान मुलंसुद्धा ती बिनधास्त खातात.